फरशीवरचा थेंब

लिंब गावातल्या एका घराच्या पडवीत, शहाबादी फरशीवर उभ्या असलेल्या जुन्या मोटारसायकलीखाली मला ऑइलचा एक थेंब दिसला. मी खाली बसलो, तो बोटाने टिपला आणि बोट गाडीच्या मालकांसमोर धरले. मालक म्हणजे सत्तरी ओलांडलेले निवृत्त प्राथमिक शिक्षक. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणत होते, म्हणून मीही गुरुजीच म्हणत होतो. गाडी हिरो होंडा सीडी १०० एसएस, नोव्हेंबर १९९८ ची, पहिल्यापासून एकाच मालकाची. गुरुजींनी १८ हजार रुपये सांगितले होते. मी म्हणालो, "हे बघा गुरुजी, इंजिनातून ऑइल गळतंय. मोठं काम निघणार. सोळाला द्या." गुरुजी काहीच बोलले नाहीत. त्यांनी खिडकीच्या गजाला अडकवलेले फडके काढले, एक हात गुडघ्यावर टेकत ते सावकाश खाली बसले, फरशी पुसली, किकच्या दांड्याभोवतीचा ओलसर भाग पुसला, आणि मग त्याच फडक्याची घडी बदलून कोरडी बाजू माझ्या बोटाकडे पुढे केली.

मी बोट पुसले आणि उद्या कळवतो असे सांगून निघालो.

तो थेंब किकच्या शाफ्टच्या ऑइल सीलमधून येत होता, हे मला त्या क्षणीही पक्के ठाऊक होते. ते सील म्हणजे नाण्याएवढे एक रबरी कडे असते. ते म्हातारे झाले की कडक होते, त्याची कड शाफ्टला धरून राहत नाही आणि ऑइल झिरपू लागते. ते बदलायला इंजिन उघडावे लागत नाही. किक काढायची, जुने सील उचकटायचे, नवे बसवायचे. दोघांच्या नाष्ट्याला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात हे काम होते. तरीही मी "सीलमधून" म्हणालो नाही, "इंजिनातून" म्हणालो, कारण त्या एका शब्दावर दोन हजार रुपये सुटतील असे मला वाटले होते. जुनी गाडी घेताना असेच बोलायचे असते, हे मी इतक्या जणांकडून ऐकले होते की त्यात काही गैर आहे असे तोवर कधी वाटलेच नव्हते. लिंबहून साताऱ्याला परतताना महामार्गावरच्या त्या पंधरा-सोळा किलोमीटरांत मात्र डोळ्यांसमोरून ते फडके हलेना.

दुसरी गाडी घ्यावी हा विचार मुळात आला तो श्रावणातल्या एका रविवारी. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि पहाटे उघडीप मिळाली होती. कृष्णेला आणि वेण्णेला पाणी आले असणार, जरा संगम माहुलीपर्यंत जाऊन यावे, घाटाच्या पायरीवर दहा मिनिटे बसावे आणि परत यावे, एवढीच इच्छा होती. आमच्या घरापासून माहुली पाच-सहा किलोमीटर. खाली उतरलो. माझी रोजची गाडी साडेतीनशे सीसीची, वजनाने १९५ किलो. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात ती भिंतीला चिकटून, तोंड आत करून उभी असते. बाहेर काढायची तर आधी शेजाऱ्यांची स्कूटर हलवायची, मग चढावर उलटी ओढायची, मधल्या गटारावरच्या लोखंडी जाळीवर मागचे चाक घसरू नये म्हणून एका पायाने रेटा द्यायचा आणि मग कुठे ती रस्त्याला लागते. पुण्याला किंवा कोल्हापूरला जायचे असते तेव्हा या खटाटोपाचे काही वाटत नाही. पुढे शंभर किलोमीटर रस्ता असतो, त्याच्या मानाने ही दहा मिनिटे किरकोळ. त्या दिवशी मी हँडलला हात लावून उभा राहिलो, ओल्या जाळीकडे पाहिले, हेल्मेट काखेत धरले आणि जिना चढून वर आलो. बायको म्हणाली, "अहो, इतक्यात जाऊन आलात?" मी म्हणालो, "गेलोच नाही."

दिवसभर त्या न गेल्याची रुखरुख राहिली. लांबच्या प्रवासाला आपण तयारीनिशी निघतो. पण ज्याला नुसते "जाऊन येणे" म्हणतात, ते तयारी सहन करत नाही. मनात आले आणि निघालो, एवढाच त्याचा जीव. आमच्या गावाला ही जाऊन येण्याची ठिकाणे देवाने हात सैल सोडून दिली आहेत. यवतेश्वरचा घाट चढायला लागले की दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर सारे शहर आणि अजिंक्यतारा एका नजरेत येतो. सज्जनगडाच्या पायथ्याचा रस्ता आहे, कण्हेर धरणाचा काठ आहे, लिंबची बारा मोटेची विहीर आहे. यांतले कुठलेही ठिकाण दोन तासांत जाऊन-येऊन होते, आणि मी वर्षानुवर्षे यांतल्या कुठेही गेलेलो नव्हतो, कारण गाडी काढायची जड वाटत होती. म्हणून हलकी, जुनी, एका हाताने वळवता येईल अशी, जवळच्या फेरफटक्यांपुरती दुसरी गाडी घ्यायचे ठरले. साताऱ्यात दुचाकीचे कौतुक नवे नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या इथल्या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार होत असे आणि आमच्या लहानपणी गल्लीतल्या निम्म्या दारांपुढे ती उभी असे. माझ्या मनात मात्र स्कूटर नव्हती. मोटारसायकलच हवी होती, आणि त्याला कारण होते मामांची येझदी.

मामा कोरेगावला असत. त्यांच्याकडे काळ्या टाकीची येझदी होती. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९७३ पासून या नावाने गाड्या काढल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला, हे सारे मला पुष्कळ पुढे कळले. तेव्हा कळत होते ते एवढेच, की त्या गाडीची किक आणि गिअरची दांडी एकच आहे, आणि हे जगातले मोठे आश्चर्य आहे. मामा दांडी वर फिरवून किक मारत, गाडी सुरू झाली की तीच दांडी पुढे वळवत, आणि ती गिअर होऊन जाई. पेट्रोल पंपावर ते मापाने ऑइल मोजून टाकीत ओतत आणि मग गाडी दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवत, म्हणजे पेट्रोल आणि ऑइल नीट मिसळावे. आतून डुचमळण्याचा जो आवाज येई, तो ऐकायला मी टाकीला कान लावत असे. संध्याकाळी गाडी परत आली की तापलेल्या सायलेन्सरचा टिकटिक आवाज आणि जळलेल्या ऑइलचा जरासा गोडसर वास ओसरीवर बराच वेळ राही. आजही रस्त्याने एखादी टू-स्ट्रोक, म्हणजे अशी पेट्रोलाबरोबर ऑइलही जाळणारी गाडी, गेली की त्या निळसर धुरात मी क्षणभर उभा राहतो. धूर चांगला नव्हे, हे कळते. पण मामा गेले, ओसरी पडली, आणि तो वास तेवढा कुठूनही अचानक येतो.

त्यामुळे दुसरी गाडी म्हटल्यावर मी आधी टू-स्ट्रोकच शोधायला लागलो. येझदी मिळत होत्या, पण ज्यांचे मन त्यांत आहे ते लोक त्या सोडत नव्हते आणि जे सोडत होते त्यांच्या गाड्यांत सोडण्यासारखेच सारे होते. मग यामाहा आरएक्स १००. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षे ती आपल्याकडे तयार झाली. ९८ सीसीचे इंजिन, अकरा अश्वशक्ती आणि वजन जेमतेम शंभर किलो. त्या काळच्या कॉलेजातल्या मुलांनी त्या गाडीवर जीव टाकला आणि तीच मुले आज पन्नाशीत हाती पैसा आल्यावर ती परत शोधत आहेत. त्यामुळे भाव असे चढले आहेत, की कऱ्हाडच्या एका विक्रेत्याने मला जी किंमत सांगितली तीत नवी गाडी घेऊन वर विमा उतरवता आला असता. तरी मी पाहायला गेलो. गाडी लाल होती, टाकी आरशासारखी चमकत होती, आणि त्याने गाडी सुरू करताच जो टणटणीत आवाज आला त्याने मी जवळजवळ होकार देऊन बसलो होतो.

सोबत आमचे मेस्त्री होते म्हणून वाचलो. त्यांनी आवाजाकडे लक्षच दिले नाही. इंजिनाला लांबूनच तळहात धरून म्हणाले, "ही आम्ही यायच्या आधीच तापवून ठेवलीय." जुनी गाडी पाहायला जाताना ती थंड असावी लागते, थंड इंजिन किती किकमध्ये सुरू होते, पहिला धूर कसा येतो, खडखड किती वेळ राहते, यावर खरी परीक्षा असते, आणि तापलेली गाडी हे सारे लपवते. मग ते हँडलच्या मुळाशी वाकले, जिथे चेसिसचा नंबर ठोकलेला असतो. तिथे रंगाचा जाड थर होता. त्यांनी नखाने तो खरवडला, आरसी बुकाच्या झेरॉक्सचा कोरा भाग नंबरावर ठेवून वरून पेन्सिल घासली आणि कागद माझ्या हातात दिला. नंबर जुळत होता. पण त्यातले तीन आकडे बाकीच्यांपेक्षा खोल आणि किंचित तिरके उमटले होते. मेस्त्री त्यावर काहीही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे पाहिले. आम्ही चहाला नको म्हणून निघालो. कऱ्हाडहून परत येताना मला त्या गाडीपेक्षा माझ्याच मनाची जास्त भीती वाटली. एका आवाजापायी मी कुणाची तरी चोरीची गाडी विकत घेऊन घरापुढे उभी केली असती.

परतीच्या त्या वाटेवर मेस्त्रींनी मला एक प्रश्न विचारला आणि माझ्या मते सबंध शोधातला तोच महत्त्वाचा प्रश्न होता. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही चालवणार किती?" मी म्हणालो, आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-वीस किलोमीटर. ते म्हणाले, "मग गाडीला चालण्यापेक्षा उभं राहणंच जास्त येणार. उभी राहू शकेल अशी गाडी बघा."

या दृष्टीने मी गाडीकडे कधी पाहिलेच नव्हते. त्यांनी जे सांगितले, आणि नंतर मी जे पडताळून पाहिले, ते असे. चार-पाच किलोमीटरांच्या फेरीत इंजिन पुरते तापत नाही. जळलेल्या पेट्रोलातून निघणारी वाफ आतच थंड होते, पाण्याचा अंश ऑइलमध्ये उतरतो, सायलेन्सर आतून गंजतो. म्हणून थोडे चालवणाऱ्याने किलोमीटर मोजत बसू नये, महिने मोजून ऑइल बदलावे. बटणाने सुरू होणारी गाडी प्रत्येक वेळी बॅटरीतून मोठा घोट घेते आणि छोट्या फेरीत तो भरून निघत नाही. तीन आठवडे उभी राहिली की बटण नुसते टकटक करते. हल्लीच्या कित्येक गाड्यांना तर किकच नसते. आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असते. ते हवेतली ओल ओढून घेते, जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात आणि अर्धी रिकामी टाकी वरच्या बाजूने आतून गंजते. कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, वाटीत पेट्रोल राहिले तर उडून जाताना ते तळाशी चिकट थर सोडते आणि तोच थर जेटची सुईएवढी भोके बुजवतो. थोडक्यात, रोज चाळीस किलोमीटर पळणाऱ्या गाडीला जे रोग होत नाहीत ते सारे या दुसऱ्या गाडीला होणार होते. म्हणून किक हवी, बॅटरी मेली तरी प्लगला ठिणगी देणारी व्यवस्था हवी, सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेपर्यंत न जाता साताऱ्यातच मिळायला हवेत, आणि कुठल्याही गावच्या मेस्त्रीला ती उघडता यायला हवी. हे सगळे ऐकून मी विचारले, मग घेऊ कुठली? मेस्त्री म्हणाले, "हिरो होंडा. दुसरं काय."

मला ते ऐकून वाईट वाटले, हे कबूल करायला हवे. हिरो होंडा म्हणजे दूधवाल्याची, वायरमनची, ग्रामसेवकाची गाडी. १९८५ साली सीडी १०० आली तेव्हा टू-स्ट्रोकच्या फडफडाटात एवढी गप्प गाडी लोकांना नवलाची वाटली होती. एकदा पेट्रोल भरा आणि विसरून जा, असेच तिच्या जाहिरातीचे सांगणे होते. जिला विसरून जायचे, तिच्यावर जीव कसा जडणार? मामांच्या येझदीने माझे बालपण व्यापले, कारण तिने कधी स्वतःला विसरू दिले नाही. ती उलटी किक मारून मामांची नडगी सुजवत असे. मी हौसेसाठी गाडी घ्यायला निघालो होतो आणि मला जी सुचवली जात होती ती वर्षानुवर्षे लोकांच्या गरजेला उभी राहिलेली होती. पुढे चार दिवस मनात हेच चालले होते. मग आमच्या बँकेतल्या एका शिपायाने लिंबच्या गुरुजींचे नाव सांगितले.

गुरुजींची गाडी मी पाहिली तेव्हा ती थंडगार होती. त्यांनी सकाळपासून हात लावला नव्हता आणि तसे त्यांनी आपणहून सांगितले. गाडी पडवीत होती, तिच्यावर जुन्या नऊवारीचे धुवून ठेवलेले पांघरूण होते. मीटरवर ६१ हजार किलोमीटर दिसत होते, पण मीटरची केबल मध्ये तीन-चार वर्षे तुटलेली होती, हेही त्यांनीच सांगितले. मीटरपेक्षा गाडीची इतर ठिकाणे जास्त बोलतात. ब्रेकच्या पेडलचे खवले झिजून तो मधोमध गुळगुळीत झाला होता, उजव्या बाजूच्या पायटेकाचे रबर बाहेरच्या कडेला तिरपे खाल्ले गेले होते, आणि किल्लीच्या भोकाभोवती, किल्लीच्या जुडग्याने सव्वीस वर्षे झुलून झुलून, अर्धचंद्राच्या आकाराचा रंग उडाला होता. चेनवरच्या बंद कव्हरचे गोल रबरी बूच काढून मी आत बोट घालून चेन दाबली. ती बोटभर खाली गेली, सर्वत्र सारखी. पुढचे चाक उचलून हँडल फिरवले, मध्यभागी अडकले नाही, म्हणजे कोनसेट, हँडल ज्यावर फिरते तो भाग, शाबूत होता. मागच्या टायरच्या कडेला लंबगोलात ३२१७ असे आकडे होते, म्हणजे २०१७ सालच्या ३२ व्या आठवड्यातला टायर. नक्षी भरपूर होती, पण रबर म्हातारे झाले होते आणि बारीक भेगा पडल्या होत्या. टायर बदलावे लागणार होते. टाकीचे झाकण काढून आत मोबाइलचा उजेड टाकला, तर पत्रा लख्ख. "टाकी कायम गळ्यापर्यंत भरून ठेवतो," गुरुजी म्हणाले. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. धूर नाही. टॅपेटचा हलका चिवचिवाट, तोही मिनिटभरात शांत.

एवढे सारे चांगले पाहून झाल्यावर मला तो थेंब दिसला. खरे तर तो दिसल्याचा मला आनंद झाला होता. सगळे ठीक आहे असे मालकासमोर कबूल करावे लागू नये, यासाठी मला काहीतरी हवेच होते. आता विचार करताना यातले हेच सगळ्यात जास्त खटकते. गुरुजी बावीस किलोमीटर लांबच्या शाळेत रोज त्या गाडीवरून गेले. बदली झाली, शाळा बदलली, गाडी तीच राहिली. त्यांच्या धाकट्या मुलीला दहावीच्या परीक्षेला त्यांनी याच सीटवर मागे बसवून नेले. हे सारे ते बोलता बोलता सांगत होते आणि मी होकार देत देत गाडीखाली बघत होतो. गाडी का विकता, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "किक मारवत नाही आता. गुडघा." आणि मग थोड्या वेळाने, "नातवाला ही नको आहे. त्याचं बरोबर आहे." पांघरुणासकट राखलेल्या वस्तूचे दोष तिच्याच घरात, तिच्याच माणसासमोर मोठ्याने मोजायचे, याला आपण व्यवहार म्हणतो. व्यवहारात पारखून घ्यावेच लागते, त्याबद्दल माझे दुमत नाही. कऱ्हाडला पारखले नसते तर पुरता फसलो असतो. पण पारखणे आणि पाडून बोलणे यांत जे अंतर आहे ते मी त्या पडवीत ओलांडले होते.

मी दुसऱ्या दिवशी कळवले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मध्ये वाईला एक आणि कोरेगावला एक गाडी पाहिली. वाईच्या गाडीच्या आरसी बुकावर अजून कर्जाची नोंद होती आणि मालकाला बँकेचे नावही आठवत नव्हते. कोरेगावच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपून दोन वर्षे झाली होती आणि विक्रेत्याचे म्हणणे होते की गावात चालवायला कागद कशाला लागतात. कागदांच्या बाबतीत मी हळवा आहे, त्याला कारण आहे. वडिलांची प्रिया स्कूटर मी २०११ साली एका दलालामार्फत विकली. त्याने कोऱ्या फॉर्मवर माझ्या सह्या घेतल्या आणि नावावर करून घेतो म्हणाला. पाच वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यातून फोन आला, की तुमची स्कूटर आमच्या आवारात बेवारस पडून आहे. मी गेलो. आवारातल्या गवतात, दोन जळक्या रिक्षांच्या मध्ये, ती एका बाजूला कलंडून पडली होती. पुढची डिकी उघडी होती आणि तिच्यात पावसाचे पाणी साचून त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. कागदोपत्री ती पाचही वर्षे माझीच होती. तिच्याखाली कुणी माणूस आला असता तर तोही माझ्याच नावावर आला असता. वडिलांनी ज्या डिकीत पिवळ्या फडक्यात गुंडाळून पाना-पक्कड ठेवली होती, तिच्याकडे मला नीट बघवले नाही.

गुरुजींच्या गाडीचे कागद मी त्या पहिल्या दिवशीच पाहिले होते आणि तेच मला परत परत आठवत होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांनी पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली, मग २०१८ मध्ये, मग २०२३ मध्ये; म्हणजे २०२८ पर्यंत गाडी कायद्याने जिवंत होती. पर्यावरण कराच्या पावत्या, विम्याचे सव्वीस वर्षांचे कागद, पीयूसीच्या चिठ्ठ्या, सारे एका खाकी पाकिटात, वर शाईने लिहिलेले "मोटारसायकल". १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावायची सक्ती झाली तेव्हा तीही त्यांनी लावून घेतली होती. जुनी पाटी, पेंटरने हाताने रंगवलेली, एमएच ११ च्या पुढचे आकडे जाडजूड आणि तळाशी बारीक अक्षरांत "आईचा आशीर्वाद", पडवीतल्या खिळ्याला टांगलेली होती.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी दुपारी, मी फोन न करताच लिंबला गेलो. गाडी विकली गेली असेल अशी भीती होती, आणि खरे सांगायचे तर थोडी आशाही होती, म्हणजे तो विषय संपला असता. गाडी तिथेच होती. खालची फरशी कोरडी होती. किकच्या शाफ्टभोवती नवे, काळेभोर सील दिसत होते.

गुरुजी म्हणाले, "बदलून घेतलं. तुम्ही दाखवलंत ते बरं झालं, मला खाली वाकून दिसलंच नसतं."

मी म्हणालो, "गुरुजी, ते इंजिनातून येत नव्हतं. मला तेव्हाच माहीत होतं."

"मलाही माहीत होतं," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं बसतोय तिच्यावर."

त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि मला मोकळे करण्याची घाईही नव्हती. मी १८ हजार रुपये पुढे केले. त्यांनी ते अंगठ्याला थुंकी लावून दोनदा मोजले, आतल्या खोलीत जाऊन देवापुढे ठेवले आणि मग चहा आला. सोमवारी साताऱ्याच्या आरटीओत ते स्वतः आले. मी नको म्हटले तरी एसटीने आले. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ च्या दोन्ही प्रतींवर आणि फॉर्म ३० वर त्यांनी सही केली, ती फळ्यावर तारीख लिहावी तशी, प्रत्येक अक्षर सुटे. सही करण्याआधी प्रत्येक रकाना भरला आहे ना, हे त्यांनी बोट ठेवून पाहिले. मला माझ्या २०११ च्या कोऱ्या सह्या आठवल्या.

पण गाडी त्यांनी शनिवारीच ताब्यात दिली होती, तशी चिठ्ठी दोघांच्या सहीने तारीख आणि वेळ घालून केल्यावर. किल्ली देण्याआधी त्यांनी मला गाडीजवळ बोलावले आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक दाखवला. "घर शंभर पावलांवर आलं की हा बंद करायचा. गाडी चालू ठेवायची. दारात जाईपर्यंत कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपत आलेलं असतं. उभी करून चालूच ठेवायची, आपोआप बंद पडेपर्यंत. किल्लीनं बंद करायची नाही. मग महिनाभर हात नाही लावला तरी दुसऱ्या किकला उठेल." त्यांनी कॉक उघडून दाखवला, बंद करून दाखवला, आणि मला करायला सांगितले. मी केले. "परत करा," म्हणाले. मी परत केले.

लिंबहून निघालो ते महामार्ग टाळून, आतल्या रस्त्याने. चारही गिअर पुढे दाबत जायचे, हे पायाला आठवायला थोडा वेळ लागला, दोनदा चुकलो. दोन्ही बाजूंना ऊस होता आणि इंजिनाचा आवाज इतका बेताचा होता की उसातून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज वेगळा ऐकू येत होता. येझदीवर हा कधी ऐकू आला नसता. माझ्या साडेतीनशेवरही नाही, कारण तिच्यावर मी या रस्त्याने आलोच नसतो. शुक्रवार पेठेच्या तोंडाशी, शंभर पावलांवर, मी डाव्या हाताने चाचपून कॉक बंद केला. बोळात शिरलो. शेजाऱ्यांची स्कूटर आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून गाडी सरळ आत गेली. उतरलो, सीटखालचे कडे धरून ती एका झटक्यात स्टँडवर चढवली आणि तिच्याशेजारी उभा राहिलो. अपेक्षेपेक्षा बराच वेळ लागला. इंजिन आपले चालतच राहिले. मग आवाज जरा वर चढला, एकदा अडखळला, पुन्हा सावरला आणि थांबला. वरच्या खिडकीतून बायकोने विचारले, "काय झालं, बंद पडली का?"

मी म्हणालो, "हो. आता सकाळी माहुली."